कॉम्प्रेसरची हवा जाते कुठे?



नालासोपारा किंवा वसई रोड स्टेशनात लोकल येऊन थांबली की कधी कधी डब्याखालून एक घरघर ऐकू येते. ती काही वेळ चालते आणि एकदम बंद पडते. गाडी बिघडली की काय, असे लहानपणी मला वाटत असे. तो आवाज असतो कॉम्प्रेसरचा, म्हणजे संपीडकाचा. बाहेरची हवा आत ओढायची, ती दाबायची आणि एका पोलादी टाकीत भरून ठेवायची, एवढेच त्याचे काम. गाडीचे ब्रेक या दाबलेल्या हवेवर चालतात, आणि छतावरचा पँटोग्राफ विजेच्या तारेपर्यंत उचलला जातो तोही याच हवेने. टाकीतील दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचला की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. घरघर थांबली, म्हणजे सारे ठीक आहे.

दाबलेल्या हवेकडून काम करून घेण्याची ही युक्ती जुनी आहे. फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वताच्या पोटातून 1857 ते 1871 या काळात रेल्वेचा बोगदा खोदला गेला. बोगद्याच्या तोंडाशी कॉम्प्रेसर बसवून दाबलेली हवा नळातून दूर आत नेली आणि तिच्यावर खडक फोडणारी यंत्रे चालवली. त्या यंत्रांतून सुटलेली हवा कामगारांना श्वासोच्छ्वासासाठीही उपयोगी पडली. या बोगद्याची हकीकत एका मासिकात वाचून अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांना हवेवर चालणाऱ्या ब्रेकची कल्पना सुचली, आणि 1869 मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. मासिके वाचल्याचा असाही फायदा होतो! आपल्याकडे पुण्यात 1958 मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी स्थापन झाली, आणि आज तर गॅरेजपासून गिरणीपर्यंत सर्वत्र कॉम्प्रेसर दिसतो.

पण हा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत राहिला आणि दाब मात्र चढेनाच, तर? असे एक कोडे गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे आले. ते सोडवताना मी एक चूक केली. त्या चुकीतूनच या लेखाचा विषय मिळाला.

कोडे

मी गास गावचा. पदार्थविज्ञान शिकवणारा आणि गाव गास, त्यामुळे वायूंचे नियम शिकवायला घेतले की वर्गात दरवर्षी हशा पिकतो. माझा एक जुना विद्यार्थी वसई पूर्वेला वालीवच्या बाजूला लहानसा कारखाना चालवतो. पत्र्याच्या पेट्या करायच्या, त्यांना भोके पाडायची, रिबिटे मारायची आणि शेवटी फवाऱ्याने रंग द्यायचा, असे तिथले काम. ही सारी हत्यारे हवेवर चालतात.

जुलैच्या सुरुवातीला तो घरी आला. म्हणाला, "सर, कॉम्प्रेसर 7 बारवर बंद व्हायला हवा. पण महिनाभर काटा 4 च्या वर जातच नाही. यंत्र दिवसभर चालूच असते. रिबिटे नीट बसत नाहीत, रंगात पाण्याचे थेंब येतात. कोणी म्हणतो, दुप्पट ताकदीचा कॉम्प्रेसर घ्या. बँकेतून कर्जाचे कागदही आणून ठेवलेत. कोणी म्हणतो, दाबाच्या स्विचचा स्क्रू पिळा, दाब आपोआप वाढेल. काय करू?"

मी म्हटले, "अरे, आधी स्क्रूला हात लावू नकोस, आणि कागदांवर सहीही करू नकोस. रविवारी मी येतो."

त्याच्या बोलण्यातच कोड्याचे अर्धे उत्तर होते, पण ते माझ्या ध्यानात आले नाही. तुमच्या आले का? लक्षात ठेवा, पुढे पडताळून पाहू.

दाब वेगळा, पुरवठा वेगळा

आमच्याकडे वाडीत विहिरीवर मोटार असते आणि ती वरची टाकी भरते. समजा, मोटार मिनिटाला 40 लिटर पाणी चढवते आणि टाकीच्या तोट्यांतून मिनिटाला 50 लिटर पाणी वाहून जाते. मग मोटार दिवसभर चालली तरी टाकी भरेल का? नाही भरणार. पाण्याची पातळी खालीच राहील. अशा वेळी टाकीवरची 'पूर्ण भरली' ही खूण वीतभर वर सरकवून काय उपयोग?

कॉम्प्रेसरचेही असेच आहे. टाकीतील दाब म्हणजे पाण्याची पातळी. मिनिटाला किती हवा आत येते तो पुरवठा, आणि यंत्रे व गळती मिळून मिनिटाला किती हवा बाहेर जाते तो खर्च. दाब चढत नाही, याचा अर्थ फक्त एवढाच की जमा खर्चाहून अधिक नाही. जमा कमी पडते की खर्च जास्त होतो, हे दाबमापकाचा काटा सांगत नाही. ते वेगळे मोजावे लागते. स्क्रू पिळल्याने कॉम्प्रेसर कधी बंद व्हावा ती खूण तेवढी वर सरकते. जो 4 वर अडला आहे, त्याच्यापुढे 7 ऐवजी 9 ची खूण ठेवली म्हणून तो काही चढणार नाही.

घड्याळ आणि बॉइलचा नियम

पुरवठा मोजायला महागडे उपकरण लागत नाही. घड्याळ आणि बॉइलचा नियम एवढे पुरते. तापमान कायम असेल तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, असे रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्ये मांडले. 1 बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतालच्या हवेचा दाब. मापकाचा काटा त्याच्या वरचा दाब दाखवतो. काटा शून्यावर असतानाही टाकीत एक टाकीभर साधी हवा असतेच. काटा 7 वर गेला म्हणजे आणखी सात टाक्या भरतील एवढी बाहेरची हवा आत कोंबली गेली.

त्या कारखान्यातील टाकी होती 250 लिटरची. म्हणजे काटा 0 पासून 7 पर्यंत नेण्यास

250 × 7 = 1750 लिटर

मोकळी हवा लागेल. कॉम्प्रेसर 5 अश्वशक्तीचा होता आणि त्याच्या पाटीवर मिनिटाला 400 लिटर हा आकडा होता. 1750 भागिले 400, म्हणजे सुमारे 4 मिनिटे 22 सेकंद. टाकी भरताना हवा थोडी तापते, त्यामुळे या हिशोबात पुरवठा खऱ्याहून थोडा जास्त दिसतो. पण एकाच टाकीची आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहण्यास तो पुरेसा आहे.

आणखी एक काळजी घेतली. काटाच खोटे बोलत असेल तर सारा हिशोब चुकेल, म्हणून दुसरा मापक लावून पाहिला. दोन्ही जुळले.

माझी चूक

यंत्रांकडे जाणारी मुख्य तोटी बंद केली, टाकीतील हवा सोडून काटा शून्यावर आणला आणि कॉम्प्रेसर सुरू केला. काटा 7 वर पोचला तेव्हा घड्याळात 4 मिनिटे 30 सेकंद झाले होते. अपेक्षित वेळेपेक्षा जेमतेम 8 सेकंद जास्त!

"कॉम्प्रेसर उत्तम आहे. तुझी हवा नळांतून गळते आहे," असे मी ठामपणे सांगून टाकले. तेवढ्यात तिथला रंगारी म्हणाला, "मग माझ्या रंगात पाणी कुठून येते?"

मी गप्प झालो. टाकीच्या तळाला पाणी काढण्याची एक तोटी असते. ती कधी उघडली होती, असे विचारले. पाऊस सुरू झाल्यापासून कोणी उघडलीच नव्हती. टाकीतील दाब उतरवून मग ती तोटी हलकेच उघडली. गंजाच्या रंगाचे, तेलकट पाणी येऊ लागले. पंधरा लिटरच्या चार बादल्या भरल्या आणि पाचवीही तिसऱ्या हिश्शापर्यंत आली. एकूण 65 लिटर पाणी!

आता हिशोब पुन्हा करा. पाणी दाबले तरी आक्रसत नाही म्हटले तरी चालेल. म्हणून हवेसाठी 250 नव्हे, 185 लिटर जागा होती. 185 × 7 म्हणजे 1295 लिटर हवा साडेचार मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला 400 नव्हे, केवळ 288 लिटर! टाकी लहान झाली होती आणि पुरवठाही कमी झाला होता. दोन दोष एकमेकांना झाकत होते, आणि मी फसलो. पाणी काढून पुन्हा वेळ मोजली, तेव्हा काट्याला 7 वर पोचायला 6 मिनिटे 5 सेकंद लागले. 1750 भागिले 6.08, म्हणजे 288. आता दोन्ही मोजण्या जुळल्या.

एवढे पाणी आले कोठून? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरच्या एक घनमीटर हवेत सुमारे 25 ग्रॅम बाष्प असते. काटा 4 वर असताना हवेचा एकूण दाब 5 बार होतो, आणि ती पाचव्या हिश्शाएवढ्या जागेत मावते. टाकीत 35 अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत फार तर 40 ग्रॅम बाष्प राहू शकते, म्हणून पाचव्या हिश्शात 8 ग्रॅम. उरलेल्या 17 ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला 288 लिटर या दराने आठ तासांत सुमारे 138 घनमीटर हवा आत येते. गुणाकार करून पाहा, दिवसाला जवळजवळ अडीच लिटर पाणी! महिनाभरात त्याचे 65 लिटर झाले, यात नवल नाही.

जमा का घटली?

मिनिटाला 400 लिटर देणारे यंत्र 288 वर का आले, हे शोधायचे होते. ज्या वाटेने हवा जाते त्याच वाटेने आपणही क्रमाने जावे. मोटारीची वीज बंद करून मगच यंत्राला हात लावला.

पहिली जागा हवा आत घेणारी गाळणी. पत्र्याची धूळ आणि रंगाचे कण यांनी ती बुजून गेली होती. नाक चिमटीत धरून धावून पाहा, म्हणजे कॉम्प्रेसरची अवस्था कळेल. नवी गाळणी बसवली. वेळ आली 5 मिनिटे 9 सेकंद, म्हणजे पुरवठा 340 लिटर.

दुसरी जागा मोटारीचा पट्टा. तो सैल असेल तर चाकावरून घसरतो आणि दट्ट्याचे फेरे कमी होतात. इथे पट्टा ठीक होता.

तिसरी जागा झडपा. दट्ट्या खाली जाताना आत येणारी झडप उघडते, वर येताना ती मिटते आणि हवा टाकीच्या वाटेला लागते. ती नीट मिटत नसेल तर दाबलेली हवा आल्या वाटेने परत बाहेर पडते. ही तपासणी फार सोपी आहे. हवा आत घेणाऱ्या तोंडासमोर कागदाची एक लांब पट्टी हातात धरली. झडप निरोगी असेल तर पट्टी आतच ओढली जाते. आमची पट्टी एकदा आत, एकदा बाहेर अशी फडफडत होती. मेकॅनिकने झडप उघडली तेव्हा तिच्या पातळ पत्रीवर जळक्या तेलाची काजळी जमलेली दिसली. ती साफ करून झडप परत बसवली. आता वेळ आली 4 मिनिटे 26 सेकंद. पुरवठा 395 लिटर!

याने भागले नसते तर दट्ट्यावरच्या कड्या पाहाव्या लागल्या असत्या. सायकलच्या पंपातील चामड्याचा वायसर वाळला की दांडा सहज खाली जातो, पण ट्यूबमध्ये हवा जात नाही. कड्या झिजल्या की कॉम्प्रेसरचेही तसेच होते.

खर्च का वाढला?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सारी यंत्रे बंद होती. टाकी 7 वर भरली, कॉम्प्रेसर बंद केला आणि मुख्य तोटी उघडी ठेवली. कोणीही हवा वापरत नसताना काटा खाली यायला नको. पण तो 4 मिनिटांत 7 वरून 5 वर आला. म्हणजे 250 × 2 = 500 लिटर हवा चार मिनिटांत पसार झाली. मिनिटाला 125 लिटर गळती! कॉम्प्रेसरच्या कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोणाच्याच उपयोगी पडत नव्हता.

गळती शोधायला साबणाचे पाणी आणि ब्रश घेतला. पंक्चरवाला पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो, तीच रीत. रबरी नळ्यांचे जोड, सैल पट्ट्या, नळाचे आटे अशा अकरा जागी फेस फुगला. जोड घट्ट केले, दोन नळ्या बदलल्या. पुन्हा काटा 7 वरून 5 वर यायला 20 मिनिटे लागली. गळती उरली 25 लिटर.

आता मूळ कोडे सुटते का पाहू. काटा 6 च्या आसपास असताना तिथली यंत्रे मिनिटाला सरासरी 280 लिटर हवा घेतात. त्यात 125 लिटर गळती मिळवली की खर्च 405 झाला, आणि जमा होती 288. म्हणून दाब घसरत होता. पण घसरून तो शून्यावर का येत नव्हता? कारण दाब उतरला की गळतीही कमी होते आणि यंत्रेही कमी हवा घेतात. काटा 6 वर असताना एकूण दाब 7 बार, काटा 4 वर असताना 5 बार. खर्च 5/7 पट होतो, म्हणजे 289. जमा 288! म्हणून काटा बरोबर 4 वर येऊन अडकला होता. दुरुस्तीनंतर जमा 395 आणि खर्च 280 अधिक 25, म्हणजे 305. त्या संध्याकाळी काटा 7 वर गेला, आणि महिनाभरात पहिल्यांदाच घरघर थांबली. कर्जाचे कागद कोरेच राहिले. बुजवलेल्या 100 लिटर गळतीसाठी मोटारीला आठ तासांत सुमारे 7 युनिट वीज जाळावी लागत होती, तीही वाचली.

एक गोष्ट राहिली

गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते. पण त्या तांबूस पाण्याने माझ्या मनात शंका घातली होती. टाकी दुसऱ्या दिवशीच तपासायला पाठवायची आणि तोवर वापरायची नाही, असे मी सांगितले. तपासणी करणाऱ्यांनी पत्र्याची जाडी मोजली. तळाशी, जिथे पाणी साचत होते तिथे, पत्रा आतून गंजून निम्म्यावर आला होता.

250 लिटरच्या टाकीत 7 बार दाबाची हवा असते तेव्हा तिच्यात सुमारे 2 लाख ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टन वजनाची मोटारगाडी 20 मीटर, म्हणजे सहा-सात मजले उंच उचलण्याएवढी! टाकी फुटली तर ती सारी ऊर्जा क्षणात मोकळी होते. पाणी मात्र फारसे आक्रसत नसल्याने दाबाखालीही त्यात ऊर्जा अगदी थोडी साठते. म्हणूनच टाक्यांची चाचणी हवेने नव्हे, तर पाणी भरून घेतात.

आता विचार करा. गळती व झडप दुरुस्त झाल्यावर कोणी तो स्क्रू पिळला असता, तर त्या गंजलेल्या टाकीत दाब खरोखरच 9 वर गेला असता. आणि मी स्वतः काय केले? पाणी काढण्याआधीच टाकी 7 वर भरली, तीही जवळ उभे राहून. मोजण्याच्या नादात मी क्रम चुकवला. आधी टाकी सुरक्षित आहे का ते पाहायचे, मग पाणी काढायचे, मग मोजायचे, हा खरा क्रम. माझ्या विद्यार्थ्याने नवी टाकी बसवली. नव्या कॉम्प्रेसरच्या मानाने तिचा खर्च फारच थोडा होता. आता रोज संध्याकाळी तळाची तोटी उघडून पाणी काढतात आणि ते तेलकट पाणी नाल्यात न सोडता वेगळ्या पिंपात साठवतात.

रंगात पाण्याचे थेंब येतात, हे वाक्य मी पहिल्याच दिवशी ऐकले होते. यंत्र बिघडले की त्याच्यापाशी रोज काम करणारा माणूस काय सांगतो, ते आधी ऐकावे. सूत्र त्यानंतर मांडावे.

घरी करून पाहा

1. सुई नसलेली 10 मिलिलिटरची इंजेक्शनची नळी घ्या. तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबा. आता नळीत निम्मे पाणी, निम्मी हवा घेऊन पुन्हा तेच करा. दट्ट्या तेवढाच आत जातो का? पूर्ण पाणी भरले तर?

2. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते का तापते?

खऱ्या कॉम्प्रेसरवर मात्र स्वतः प्रयोग करू नका, आणि दाबलेल्या हवेचा झोत स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर गमतीनेही धरू नका.

सोडवून पाहा

500 लिटरच्या रिकाम्या टाकीत काटा 0 वरून 6 वर यायला 10 मिनिटे लागतात. (अ) पुरवठा मिनिटाला किती? (आ) टाकीत 100 लिटर पाणी होते असे नंतर कळले, तर खरा पुरवठा किती? (इ) पाणी काढल्यावर, कॉम्प्रेसर व यंत्रे बंद असताना काटा 5 मिनिटांत 6 वरून 5 वर आला, तर गळती किती?

उत्तरे : (अ) 300 लिटर (आ) 240 लिटर (इ) मिनिटाला 100 लिटर.